परकीय हस्तक्षेप आणि दोन कुलपं

आमच्या गावात दोन पार्ट्या आहेत, वरच्या आळीची आणि खालच्या आळीची. वरच्या आळीचे पुढारी आबा, खालच्या आळीचे अण्णा. दोघांमध्ये विळ्याभोपळ्याइतकं सख्य आहे असं गाव मानतं. मी मानत नाही. गावात एकमेकांच्या घरच्या लग्नाला न जाणारे हे दोघे विट्याच्या बाजाराला गेले की एकाच हॉटेलात, एकाच बाकड्यावर बसून भजी खातात, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे. मला पाहिल्यावर अण्णांनी घाईघाईने बशी आपल्याकडे ओढून घेतली होती.

दोघांनाही भाषणाची हौस दांडगी. अण्णांचं प्रत्येक भाषण, मग ते झेंडावंदनाचं असो की दहाव्याचं, त्यांच्या जन्मापासून सुरू होतं. त्यांचं आजोळ माधवनगरचं, आजोबा गिरणीत कामाला. "मी जन्मलो तवा गिरणीचा भोंगा वाजत हुता, त्यो अजून माज्या गळ्यात हाय," हे वाक्य गावातल्या लहान पोरांनाही पाठ आहे. आबा त्या मानाने कमी बोलतात. त्यांचे मामा लोणंदचे कांद्याचे व्यापारी. मामाच्या वखारीत आपण कसे व्यवहार शिकलो एवढंच ते सांगतात, आणि ते ऐकून त्यांनी गावाचे जे व्यवहार केले त्यांचा उलगडा होतो.

मी याच गावच्या प्राथमिक शाळेत बावीस वर्षं शिकवलं. शेवटची काही वर्षं मुख्याध्यापिका होते. गाव मला 'बाई' म्हणतं. माझं माहेर पाटणच्या पलीकडे, कोयनेच्या खोऱ्यात. म्हणजे मी इथे लग्न होऊन आलेली, सातारा जिल्ह्यातून सांगली जिल्ह्यात. हे आत्ताच सांगून ठेवते, कारण पुढे याच गोष्टीवरून रामायण झालं.

शाळेच्या मागे मुलींसाठी बांधलेलं शौचालय आहे. भिंती आहेत, पत्रा आहे, पाण्याची टाकीसुद्धा आहे. त्याचं भूमिपूजन दोनदा झालं. आबांची सत्ता असताना आबांनी नारळ फोडला. मग सत्ता पालटली, तेव्हा अण्णांनी त्याच खड्ड्याच्या दुसऱ्या कडेला उभं राहून दुसरा नारळ फोडला. बांधकाम झाल्यावर कोनशिलेवर कुणाचं नाव वर घ्यायचं यावरून वाद लागला. आबांनी दाराला कुलूप घातलं. दुसऱ्या दिवशी अण्णांनी त्याच कडीत आपलंही कुलूप अडकवलं. या दोन पार्ट्यांनी मिळून केलेलं गावातलं ते पहिलं काम.

मुली पाणी पीत नसत. सकाळपासून दुपारच्या सुट्टीपर्यंत ओठ सुकवून बसत. सातवीतल्या मुली सुट्टीत घरी जात आणि पुष्कळदा परत येत नसत. मी हजेरी घेताना त्यांच्या नावापुढे दुपारची फुली मारत असे. कुलपं मी फोडली नाहीत. दगड अंगणात पडलेला होता, हात धड होते, पण अण्णांच्या एका फोनवर माझी बदली जतच्या टोकाला झाली असती, आणि मला ती नको होती. मी अर्ज लिहिले. सुवाच्य अक्षरात, परिच्छेद पाडून, मुद्दे क्रमाने मांडून लिहिले. या गोष्टीत पुढे मी बऱ्याच जणांना नावं ठेवणार आहे, तेव्हा माझं स्वतःचं नाव त्या यादीत आधीच घातलेलं बरं.

निवृत्त झाले आणि गावचं सरपंचपद महिलेसाठी राखीव झालं. मी उभं राहायचं ठरवलं. मला रस्ते करायचे नव्हते, कमानी उभारायच्या नव्हत्या. ती दोन कुलपं काढायची होती. जाहीर सांगितलंही तसंच.

गावाला वाटलं, बाई चेष्टा करतात. आबा आणि अण्णांना मात्र ती चेष्टा वाटली नाही, कारण त्यांचं आधीच ठरलेलं होतं. निवडणूक बिनविरोध करायची. पहिली अडीच वर्षं आबांची सून सरपंच, पुढची अडीच अण्णांची सून. तेरी भी चूप, मेरी भी चूप. सुनांना विचारायचा प्रश्न नव्हता. बिनविरोध झालं की गावाची एकी दिसते, पेपरात फोटो येतो. त्या एकीच्या आड एक निवृत्त मास्तरीण आली.

आधी निरोप आले. बाई, वय झालं, नातवंडं सांभाळा. मला नातवंडं नाहीत. मग मोठेपणा देऊन बघितला. वाचनालयाचं अध्यक्षपद घ्या म्हणाले. वाचनालयात गोदरेजचं एक कपाट आहे आणि त्यात खत ठेवतात. आमचे हे सैन्यातून निवृत्त होऊन दोन म्हशी सांभाळतात. ते धार काढता काढता म्हणाले, "डटे रहो." एवढाच काय तो माझा प्रचार.

आणि मग माझ्या लेकीने तो फोटो टाकला.

माझी एकुलती एक लेक जर्मनीत एका इस्पितळात नर्स आहे. गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ती पहिल्यापासून होती. कुणाच्या आईला ताप असला की तिला मेसेज जाई, आणि ती तिकडून रिपोर्ट वाचून सांगे. अण्णांच्या गुडघ्याचा एक्स-रेसुद्धा तिने पाहिलेला. तेव्हा ती गावची लेक होती. तिने जुने दोन फोटो शोधून शेजारी शेजारी लावले. एकात आबा नारळ फोडताहेत, दुसऱ्यात अण्णा. खड्डा तोच. खाली तिने स्वतःचं नाव घालून एकच ओळ लिहिली होती: 'नारळ दोन फुटले, कुलपं कधी फुटणार?'

तो फोटो एका दिवसात शेजारच्या सात गावांत फिरला. विट्याच्या स्टँडवर लोक अण्णांना विचारू लागले, खोबरं कुठाय म्हणून.

तिसऱ्या दिवशी पारावर अण्णांनी तोंड उघडलं. त्यांनी टीव्हीवर कसली तरी चर्चा पाहिली होती. पिठाच्या गिरणीत डबा ठेवून मी पाराच्या मागेच उभी होते, त्यामुळे शब्दन् शब्द ऐकला.

"तिकडं मोठमोठ्या देशांत काय केलंया, ठाव हाय का?" अण्णा म्हणाले. "भायेरच्या देशातनं त्येंच्या इलेक्शनीत लोक नाक खुपसाय लागलं. तवा दोन्ही पार्ट्या एक झाल्या आन् कायदाच केला. परकीय हस्तक्षेप बंद! आन् आपल्यात बघा. जर्मनीत बसून एक पोरगी गावाची इलेक्शन चालवतीया."

"मग करूया की आपूनबी कायदा," आबा म्हणाले.

या दोघांना एका पारावर बसलेलं गावाने कितीतरी वर्षांत पहिल्यांदा पाहिलं. लोक चहाचे कप हातात धरून बघत राहिले.

त्या देशांतल्या लोकांनी कायदा का केला असेल ते मला समजतं. कुणी तोंड लपवून, खोटं नाव घेऊन, खोटं बोलून दुसऱ्याच्या घरची मतं फिरवत असेल तर त्याला अडवलंच पाहिजे. तसा ठराव आला असता तर मी दोन्ही हात वर केले असते. पण माझी लेक नाव सांगून बोलली होती, आणि जे बोलली ते शाळेच्या मागे जाऊन कुणालाही पाहता आलं असतं.

बरं, बाहेरच्यांची ढवळाढवळ म्हणजे काय हे या दोघांनी मला शिकवावं? आमच्या भागातली निम्मी घरं गलाईच्या धंद्यात आहेत. सोनं-चांदी गाळायचा धंदा. माणसं कोइमतूरला, कोचीनला, पार सिलिगुडीला दुकानं थाटून बसली आहेत. त्यांची पोरं घरात मराठी आणि रस्त्यावर तमिळ, मल्याळम नाहीतर बंगाली बोलतात. दर निवडणुकीला आबा आणि अण्णा त्यांच्यासाठी ट्रॅव्हल्सच्या गाड्या धाडतात. माणसं उतरतात, मटण खातात, कुणाचं बटण दाबायचं ते विचारतात, आणि दाबून परत गाडीत बसतात. गावात नळाला पाणी कधी येतं हे त्यांतल्या अनेकांना ठाऊक नसतं. तो हस्तक्षेप नाही. ते गावप्रेम. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं.

आचारसंहिता लागायच्या आत विशेष ग्रामसभा बोलवायचं ठरलं. ठराव लिहायचं काम ग्रामसेवकांवर आलं. हे ग्रामसेवक बिचारे नांदेडकडचे, पन्नाशीचे, बदलीची वाट पाहणारे. गावातली सगळी कागदपत्रं शुद्धलेखन तपासायला माझ्याकडे येतात, लग्नपत्रिकांपासून श्रद्धांजलीपर्यंत. त्या सवयीने ते हा मसुदाही माझ्याकडेच घेऊन आले. माझ्याविरुद्धचा ठराव माझ्याचकडून शुद्ध करून घ्यायचा! त्यांना ते दारात आल्यावर उमगलं आणि ते चपला घालून परत निघाले. मी म्हटलं, "बसा. ऱ्हस्वदीर्घाला पार्टी नसते."

त्यांनी घाम पुसत सगळी कथा सांगितली. परका कोण, याची व्याख्याच जमत नव्हती.

"आधी मी लिहिलं, गावाबाहेर राहणारा तो परका," ग्रामसेवक म्हणाले. "आबा म्हणाले, आवं, मग आमचं गलाईवालं कुठं जातील? खोडलं. मग लिहिलं, मतदार यादीत नाव नसलेला तो परका. अण्णा म्हणाले, निम्मी दुबार नावं आमीच घातल्याती, यादी काढाय लावू नगा. तेही खोडलं."

"मग?"

"मग अण्णांनाच सुचलं. जन्मानं ठरवा म्हणाले."

कागद माझ्यापुढे आला. 'ज्या व्यक्तीचा जन्म या गावात झालेला नाही अशा परकिय व्यक्तीने गावच्या निवडणुकीत कोणत्याही प्रकारे ढवळाढवळ करू नये. अशा व्यक्तीचे सहाय्य घेणाऱ्या उमेदवारास ग्रामस्थांनी मत देऊ नये.'

डाव चांगला होता. गलाईवाले गावच्या जन्माचे, ते सुटले. आमच्याकडची रीत अशी की पहिलं बाळंतपण माहेरी. बाई सातव्या-आठव्या महिन्यात माहेरी जाते आणि बाळ घेऊन परत येते. माझी लेक पहिलीच, म्हणजे ती पाटणकडे जन्मली असणार, असं अण्णांनी धरलं. त्यांनी विचारलं नाही. पुरुषांना असलं काही विचारावंसं वाटत नाही. बापाचं गाव ते आपलं गाव, आणि आपण त्या गावच्या मातीतून कोंभासारखे थेट उगवून आलो, अशीच त्यांची समजूत असते.

मी 'परकिय'चं 'परकीय' केलं, 'सहाय्य'चं 'साहाय्य' केलं आणि कागद परत दिला. बाकी मजकुराला हात लावला नाही. ग्रामसेवकांनी दोनदा आभार मानले.

ते गेल्यावर मी मधल्या घरात जाऊन बसले. मधलं घर म्हणजे सैपाकघर आणि पुढचा सोपा यांच्यामधली अंधारी खोली. तिथेच माझी लेक जन्मली.

मी नववीत असताना माझी आई गेली. वडील सैन्यातून आलेले, एकटे. भाऊ नाही, भावजय नाही. सातवा महिना लागला, आठवा लागला, मला न्यायला कुणी आलं नाही. माझी सासू दारात बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायची, "आमची सून हितंच बाळात हुणार. म्हायेर न्हाई न्हवं तिला." पहिलटकरणीने सासरी बाळंत होणं म्हणजे केवढी नाचक्की, ते आजच्या मुलींना सांगून समजणार नाही. आमचे हे तेव्हा सीमेवर होते. मी दाराची कडी धरून ओरडले, तर सासू म्हणाली, हळू, शेजारी ऐकतील. गावच्या सुईणबाई होत्या म्हणून मी जगले. त्यांनी माझं डोकं मांडीवर घेतलं आणि म्हणाल्या, "वरड गं. आजच्या दिस मीच तुजी आई."

मला त्याची लाज वाटत राहिली. पुढे कुणी विचारलं तर मी बोलणं टाळायची. लेकीलाही सांगितलं नव्हतं. तिच्या शाळेच्या दाखल्यावर जन्मठिकाण म्हणून गावाचंच नाव होतं, पण तिथे सगळेच गावाचं नाव घालतात. मी स्वतः कित्येक पोरांच्या नावापुढे ते डोळे झाकून घातलं होतं.

ठरावाची बातमी लेकीला ग्रुपवरूनच कळली. तिचा फोन आला. "आई, माझ्यामुळे तुझं नुकसान होतंय," ती म्हणाली. "मी ग्रुपमधून निघते. तू पाहिजे तर माघार घे." मग म्हणाली, "इथेही मी परकीच आहे गं. पण इथले लोक तसं लिहून देत नाहीत." हे ऐकून मला जो राग आला, तसा राग मला आयुष्यात फारदा आलेला नाही. मी तिला म्हटलं, ग्रुप सोडलास तर माझ्याशी गाठ आहे. पण तिच्या जन्माचं तेव्हाही माझ्या तोंडून निघालं नाही.

एरवी आमची ग्रामसभा माणसं जमत नाहीत म्हणून तहकूब होते. ग्रामसेवक, शिपाई आणि उन्हाला पडलेलं एक कुत्रं, एवढी हजेरी. त्या दिवशी मारुतीच्या देवळापुढे पाय ठेवायला जागा नव्हती. सकाळी दहालाच दोन्ही आळ्या हजर. पुरुष पुढे खुर्च्यांवर, बायका मागे सतरंजीवर. आबांची सून आणि अण्णांची सून शेजारी शेजारी, डोक्यावर पदर घेऊन बसल्या होत्या. त्यांना का आणलंय हे त्यांना सांगितलं असेल असं वाटत नव्हतं.

अण्णा बोलायला उठले. गिरणीचा भोंगा झाला. मोठ्या देशांचं झालं. "जे त्येंना जमलं ते आपल्या गावाला का जमू न्हाई? आज दोन्ही पार्ट्या एक झाल्याती, फकस्त गावासाठी!" टाळ्या पडल्या. आबांनी अण्णांना हार घातला, अण्णांनी तोच काढून आबांना घातला. ग्रामसेवकांनी ठराव वाचला. शुद्ध होता. पुढच्या सगळ्या खुर्च्यांवरचे हात वर झाले. ग्रामसेवकांनी वहीत लिहिलं, 'सर्वानुमते मंजूर.'

मी बोलायला उठणार होते. खरंच उठणार होते. रात्री चार मुद्दे काढून ठेवले होते, चौथा मुद्दा माझ्या बाळंतपणाचा. पण त्या खुर्च्यांकडे पाहिलं आणि जागची हलले नाही. या लोकांपुढे मधल्या घराचं दार उघडायचं? बावीस वर्षं शिकवलेली बाई, आणि मी पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसले.

तेवढ्यात मागून आवाज आला. "आवं अण्णा, वाईच थांबा."

सुईणबाई उठल्या होत्या. नव्वदीला टेकलेल्या, कमरेत वाकलेल्या. त्यांना उठायला दोघींनी हात दिला.

"ह्या गावात कोण जन्मलं आन् कोण न्हाई, त्ये मला इचारायचं," त्या म्हणाल्या. "आधी माजी सासू आन् मागनं मी, आमीच हितली समदी पोरं भुईवर आणली. अण्णा, तुमी काय आमच्या हातात आला न्हाई. तुमची आई माधवनगरला गेली, ती तुमास्नी घिऊनच आली. भोंग्याचं तर तुमीच सांगताय. आन् आबा, तुमी लोणंदचं. तुमचं बारसंबी तितंच झालं, हितं नुसत्या घुगऱ्या वाटल्या."

 खुर्च्यांवरचा एकेक जण स्वतःचा हिशेब करू लागला असावा, कारण चेहरे उतरायला लागले. आमच्याकडे पुढारपण थोरल्याकडे जातं, आणि थोरला आजोळी जन्मतो.

"थोरलं ते समदं भायेरचं," सुईणबाई म्हणाल्या. "धाकटी तेवढी गावची. आन् ह्या बायका? त्या तर समद्याच लगीन हून आलेल्या. आताची प्वारं इट्याच्या न्हाईतर कराडच्या दवाखान्यात हुत्याती. अलीकडं ह्या शिवारात जन्मली ती फकस्त ऊसतोडवाल्यांची, उसाच्या फडात. त्येंस्नी गावची म्हणणार का?"

मागच्या सतरंजीवर कुणीतरी फसकन हसलं. मग सगळ्याच हसल्या. आबांची सून पदर तोंडात धरून हसत होती.

"आन् बाईंची लेक," सुईणबाईंनी माझ्याकडे बोट केलं, "ती हितंच जन्मली. मधल्या घरात, माज्या ह्या हातांवर. तुमा दोघांपरास गावची हाय ती."

माझ्या डोळ्यांतून पाणी आलं आणि मी ते पुसलं नाही. इतकी वर्षं जे मी नाचक्की म्हणून झाकून ठेवलं होतं, ते त्या म्हातारीने ताठ मानेने सगळ्या गावापुढे ठेवलं.

"आजीला बसवा रं," अण्णा म्हणाले. भोंगा जरा बसला होता.

"ठराव मंजूर झालाय," आबा म्हणाले. "फुडचा इषय घ्या." पुढचा विषय नव्हता. ही सभा एकाच विषयासाठी बोलावली होती.

दुरुस्ती पुढच्या सभेत करू असं ठरलं, पण दोन दिवसांत आचारसंहिता लागली आणि पुढची सभा झालीच नाही. वहीत ठराव तसाच राहिला. त्याप्रमाणे पाहिलं तर दोन्ही पुढाऱ्यांना प्रचार करायची बंदी होती आणि त्यांचं साहाय्य घेणाऱ्या सुनेला मत देऊ नये असं गावाने एकमताने ठरवलं होतं. आबा-अण्णा जोडीने मतं मागायला निघाले की बायका दारातूनच विचारायच्या, "जन्माचा दाखला आणलाय का?" दोघे हसण्यावारी न्यायचे. ज्याला लाजच नाही त्याच्यापुढे विनोद फुकट जातो, हे मला त्या पंधरा दिवसांत कळलं.

लेकीला मी सभेच्या दिवशीच दुपारी फोन करून सगळं सांगितलं.  ती म्हणाली, "सुईणआजीचा हात कसा आहे गं? थरथरतो का?" मी म्हटलं, थरथरतो. ती म्हणाली, औषध पाठवते.

निवडणूक मी हरले. फार नाही, थोडक्यात हरले, पण हरले. मतदानाच्या आदल्या दिवशी कोइमतूरच्या तीन गाड्या आल्या, मटण शिजलं आणि बटणं दाबली गेली. गावातल्या ज्या बायका सभेत पोट धरून हसल्या, त्यांतल्याही किती जणींनी मला मत दिलं असेल, देव जाणे. हसणं फुकट असतं. मत द्यायचं म्हणजे घरी जाऊन नवऱ्याला तोंड द्यायचं. निकालानंतर आबा-अण्णांनी एकमेकांना पुन्हा हार घातले. पेपरात फोटो आला, खाली लिहिलं होतं, 'गावाच्या एकीचा विजय'. फोटोत नव्या सरपंचबाई कोपऱ्यात अर्ध्याच आल्या होत्या. त्या दिवशी मला त्या सगळ्या गावाची किळस आली होती आणि मी ते लपवलं नाही. सुईणबाईंना भेटायला गेले तेवढीच घराबाहेर पडले.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी सोप्यात ज्वारी निवडत होते. दारात नव्या सरपंचबाई उभ्या, आबांची सून. चपला बाहेर काढून आत आली, इकडेतिकडे बघितलं आणि कमरेच्या पिशवीतून काहीतरी काढून माझ्या सुपात टाकलं. लाल दोऱ्यात बांधलेल्या दोन किल्ल्या होत्या.

"येक आमच्या देवळीतली," ती म्हणाली. "दुसरी अण्णांच्या घरची. त्येंच्या सुनंनं दिलीया. आमी दोगी येकाच गावच्या, म्हायेरच्या."

"तूच उघड की," मी म्हटलं. "आता तू सरपंच आहेस."

"मी उगडलं तर अण्णा भांडत्याल. तिनं उगडलं तर मामंजी. तुमी उगडा, बाई. तुमचं नाव हुऊ द्या."

मी किल्ल्या उचलल्या. तिला विचारलं, घरात कळलं तर काय करशील?

"काय करायचं?" ती म्हणाली. "वहीत लिवलंयच न्हवं, आमी भायेरच्या म्हणून."

आम्ही दोघी शाळेकडे गेलो. आबांचं कुलूप लगेच निघालं. अण्णांचं गंजलं होतं, त्यात तेल सोडावं लागलं. आत जाळी, पाचोळा आणि निवडणुकीचे जुने फ्लेक्स कोंबलेले होते, दोन्ही पार्ट्यांचे. ते तिने ओढून बाहेर टाकले, मी झाडून घेतलं, आणि हापशावरून आठ बादल्या पाणी आणून ओतलं.

त्या दुपारी सातवीतल्या मुली सुट्टीनंतर वर्गात परत आल्या.